एकांकिका उशिरा का सुरू होते?

नेहमी नाटकाला जाणाऱ्याला एक प्रश्न पडायला हवा, पण तो सहसा पडत नाही. दोन अंकी नाटकाचा पहिला अंक साधारण तासाभराचा असतो. एकांकिका पाऊण तासाच्या आसपास. घड्याळ लावून पाहिलं तर दोहोंत फार तर दहा-पंधरा मिनिटांचा फरक. तरी पहिल्या अंकाचा पडदा पडला की आपण बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहून 'आता ही नवऱ्याला सांगणार की नाही?' अशी चर्चा करतो. एकांकिका संपल्यावर पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. तोच रंगमंच, जवळजवळ तेवढाच वेळ, नटही तसेच. मग एक गोष्ट अर्धी आणि दुसरी पुरी कशी वाटते?

'एकांकिका म्हणजे एका अंकाचं छोटं नाटक' हे परीक्षेत दोन गुण मिळवून देणारं उत्तर इथे फारसं चालत नाही. ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या स्वीडिश नाटककाराचं 'मिस ज्युली' (१८८८) सलग एकाच अंकात घडतं आणि चांगलं दीड तास चालतं. म्हणजे मोजमाप लांबीचं नाही. ते कशाचं आहे हे पाहायचं, तर आधी साहित्यप्रकार म्हणजे काय याकडे वळायला हवं.

एक खून, तीनदा लिहिलेला

साहित्यप्रकार म्हटलं की फळ्यावरचा तक्ता आठवतो: कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित निबंध. तक्ता चुकीचा नाही, पण त्यावरून असं वाटतं की विषय आधीच तयार असतो आणि लेखक त्याला सोयीचा प्रकार निवडतो. खरं तर प्रकार बदलला की विषयही बदलतो. सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेने एकाच घटनेवर तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा प्रकार वेगळा होता. याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

डिसेंबर १९०० मध्ये आयोवा राज्यात इंडियानोलाजवळच्या एका शेतावर जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा रात्री अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला. शेजारी झोपलेली त्याची बायको मार्गारेट म्हणाली, मारेकरी मी पाहिला नाही. संशय तिच्यावरच आला. ग्लास्पेल तेव्हा डे मॉइन शहरातल्या दैनिकात बातमीदार होती आणि या खटल्याच्या बातम्या तीच पाठवत होती. मार्गारेट दोषी ठरली, मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला. दुसऱ्यांदा खटला चालला तेव्हा ज्युरींचं एकमत झालं नाही आणि ती सुटली. खून कोणी केला, हे कधीच सिद्ध झालं नाही. हे पहिलं लेखन. बातमीला स्वतःचा शेवट नसतो, कोर्ट तारीख देईल तशी ती पुढे सरकते.

पुढे पंधराएक वर्षांनी ग्लास्पेल मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी एका हौशी नाटक मंडळीत होती. धक्क्यावरचं मासळीचं जुनं कोठार हे त्यांचं थिएटर. पुढच्या कार्यक्रमासाठी तू नाटक लिहायचं आहेस, असं नवऱ्याने परस्पर जाहीर करून टाकलं. नाटक तर हाताशी नव्हतं. तिने नंतर लिहून ठेवलं आहे की ती रिकाम्या थिएटरात जाऊन बसली आणि मोकळ्या रंगमंचाकडे बघत राहिली. बघता बघता तिथे एक स्वयंपाकघर दिसू लागलं. त्यातून १९१६ मध्ये 'ट्रायफल्स' ही एकांकिका आली. पुढच्या वर्षी तोच ऐवज घेऊन तिने 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' ही कथा लिहिली.

एकांकिका सुरू होते तेव्हा खून होऊन गेलेला आहे. आरोपी बाई तुरुंगात आहे, ती शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नाही. सरकारी वकील, शेरीफ आणि शेजारचा शेतकरी पुरावा शोधायला घरात शिरतात, मागोमाग शेरीफ आणि शेतकरी या दोघांच्या बायका. पुरुष वर झोपण्याच्या खोलीत आणि बाहेर गोठ्याकडे हिंडतात. बायका स्वयंपाकघरातच थांबतात, कारण तुरुंगातल्या बाईने मागितलेले कपडे त्यांना न्यायचे आहेत. तिथे त्यांना दिसतं ते पुरुषांच्या लेखी किरकोळ. अर्धवट पुसलेलं टेबल. थंडीने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या. गोधडीचा एक चौकोन, बाकीचे नीटस शिवलेले असताना मध्येच वेडावाकडा टाचलेला. दार मोडलेला पक्ष्याचा पिंजरा. आणि शिवणाच्या पेटीत रेशमी चिंधीत गुंडाळलेला, मान पिरगाळलेला कॅनरी पक्षी. पुरुष ज्या पुराव्यासाठी घर पालथं घालताहेत तो या दोघींच्या हातात असतो. त्या तो लपवतात.

आता बदल पाहा. खऱ्या घटनेत कुऱ्हाड होती, एकांकिकेत नवऱ्याचा गळा दोरीने आवळलेला आहे. खऱ्या मार्गारेटला बरीच मुलं होती, एकांकिकेतल्या बाईला एकही नाही. दोन्ही बदलांचं कारण एकच. पक्ष्याची मान आणि नवऱ्याचा गळा एकमेकांना जोडले की हेतू सांगायला वेगळं पात्र लागत नाही. घरात मूल नसलं की त्या पक्ष्याचं गाणं हा त्या घरातला एकमेव आवाज ठरतो. बातमीदार म्हणून ग्लास्पेलला कुऱ्हाडीची दोरी करता आली नसती. नाटककार म्हणून तिला ती करावीच लागली.

कथेत परत सगळं बदलतं. कथा खुनाच्या घरात सुरूच होत नाही. ती शेजारणीच्या, मिसेस हेलच्या घरी सुरू होते. तिला घाईने बोलावणं आलं आहे. बाहेर पडताना तिची नजर स्वतःच्या स्वयंपाकघरावरून फिरते: पाव मळायची तयारी झालेली, पीठ अर्धं चाळलेलं, अर्धं तसंच. अर्धं टाकून जाणं तिच्या जिवावर येतं. पुढे त्या दुसऱ्या घरात अर्धवट राहिलेलं काम दिसतं तेव्हा वाचकाला ते मिसेस हेलच्या मनातून दिसतं. आपण कितीतरी काळ इकडे फिरकलो नाही, याची मिसेस हेलची बोच कथेत पानोपानी आहे. एकांकिकेत तीच बोच दोन-चार वाक्यांत आणि हाताच्या हालचालीत बसवावी लागते. वेडावाकडा टाका ती बोलता बोलता उसवते आणि नीट घालू लागते.

साहित्यप्रकारातला फरक इथे आहे. वाचकापर्यंत गोष्ट कोण पोचवतं, हा पहिला प्रश्न. कथा-कादंबरीत सांगणारा असतो, तो पात्राच्या डोक्यात शिरू शकतो, दहा वर्षं एका वाक्यात ओलांडू शकतो. कवितेत बोलणाऱ्याचा सूरच मुख्य. ललित निबंधात लेखक स्वतःच्या नावाने बोलतो. नाटकात सांगणारा कोणी नसतो. जे काही आहे ते कोणीतरी बोलायला हवं, करायला हवं किंवा समोर ठेवलेलं दिसायला हवं. (सूत्रधार आणून ही अट टाळता येते, पण सूत्रधार सारखा मदतीला यायला लागला की समजावं, नाटककाराचं अडलेलं आहे.)

वेळ जातो तो अंकांच्या फटीत

हे सगळं मोठ्या नाटकालाही लागू आहे. मग एकांकिकेचं वेगळं काय?

याचं उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात आडवाटेने मिळतं. एका अंकात एका दिवसात घडेल एवढंच दाखवावं, असा तिथला नियम आहे. महिने आणि वर्षं घालवायची असतील तर ती दोन अंकांच्या मधे घालवावीत आणि जे घडून गेलं ते प्रवेशकासारख्या जोडप्रवेशातून सांगावं. कालिदासाचं 'शाकुंतल' डोळ्यांसमोर आणा. पाचव्या अंकात दुष्यंत गरोदर शकुंतलेला नाकारतो. सातव्या अंकात तिचा मुलगा सिंहाच्या छाव्याशी खेळतो आहे. तो मुलगा कोणी रंगमंचावर वाढवला नाही, तो अंकांच्या फटीत वाढला.

मध्यंतराचं खरं काम हे आहे. आपण वडा खात असतो तेवढ्यात नाटकात सहा महिने जातात, कर्ज वाढतं, मुलगी लग्न होऊन परत येते. पडदा उघडला की आपण बदललेली माणसं बघतो आणि बदल मान्य करतो, कारण मधे वेळ गेला आहे. तो नाटकात गेला की नाट्यगृहाच्या आवारात, याचा हिशेब कोणी करत नाही.

एकांकिकेला ही फट नाही. रंगमंचावरचा पाऊण तास आणि प्रेक्षकाच्या मनगटावरचा पाऊण तास सोबत चालतात. या एका अटीतून पुढचं सगळं निघतं. पात्राला म्हातारं होता येत नाही. स्वभाव हळूहळू पालटत नाही. नेपथ्य बदलायला उसंत नाही, म्हणून जागा बहुधा एकच. गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगत आणायला वेळच नाही. मग लेखक एकच करू शकतो: गोष्ट जवळजवळ संपत आली असेल तिथून सुरुवात करायची. माणसं आधीच ताणलेली, जुनी देणी थकलेली, गाठ आज सुटणार किंवा तुटणार. पहिला अंक संपल्यावर अर्धवट वाटतं ते यामुळे. त्याचं काम गाठ बांधण्याचं असतं. एकांकिका गाठ बांधलेलीच घेऊन येते.

एसटीत मधल्या थांब्यावर चढावं आणि आत दोघांचं भांडण रंगात आलेलं असावं, तशी एकांकिकेच्या प्रेक्षकाची अवस्था असते. सीटवर रुमाल कोणी टाकला होता, तो उचलला कोणी, ही बाई कोणाच्या बाजूची, हे आपल्याला कोणी नीट बसवून सांगत नाही. पण भांडणातली तीन-चार वाक्यं कानावर पडली की सगळं कळतं. शिवाय आपणच ते जुळवलेलं असल्यामुळे आपण त्यात जास्त गुंततो.

स्ट्रिंडबर्गला हे नेमकं कळलं होतं. 'मिस ज्युली'च्या प्रस्तावनेत त्याने मध्यंतर काढून टाकण्याचं कारण दिलं आहे. प्रेक्षकाला मधे मोकळा वेळ मिळाला की तो विचार करू लागतो आणि लेखकाने घातलेल्या मोहिनीतून सुटतो, असं त्याचं म्हणणं. विचार करणाऱ्या प्रेक्षकाची ही भीती मला जरा जास्तच वाटते, पण दीड तासाच्या नाटकाला त्याने एकच अंक का ठेवला, याचं याहून प्रामाणिक उत्तर नाही.

मागचं कसं सांगायचं

उशिरा सुरुवात केली की एक अडचण उभी राहते. मागे जे घडलं ते प्रेक्षकाला माहीत नाही, पण पात्रांना माहीत आहे. आणि ज्याला जे माहीत आहे ते त्याला कोणी सांगत नाही. नवख्या संहितेत हमखास असं वाक्य सापडतं: 'दादा, तुला तर माहीतच आहे, बाबा गेल्यावर आईने शिवणकाम करून आपल्याला वाढवलं.' दादाला माहीत असेल तर ताई सांगते कोणाला? पाचव्या रांगेतल्या काकांना.

यावर जुने, कसलेले उपाय आहेत. बाहेरचं माणूस आत आणायचं, म्हणजे सांगायला कारण मिळतं. 'ट्रायफल्स'मध्ये सरकारी वकील शेजाऱ्याला विचारतो की काल सकाळी तू इथे आलास तेव्हा काय पाहिलंस? चौकशीच असल्यामुळे तो सविस्तर सांगतो आणि आपल्याला संशयही येत नाही की ही माहिती आपल्यासाठी आहे. दुसरा उपाय भांडणाचा. भांडणात माणसं एकमेकांना माहीत असलेल्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकवतात, अगदी तारखेसकट. वरच्या वाक्यातली ताई चिडून म्हणाली असती, 'आईची शिवणयंत्राची खोली विकून तू फ्लॅट घेतलास', तर तीच माहिती पोचली असती आणि दादाला गप्प बसणं अशक्य झालं असतं. एकांकिकेतलं वाक्य एकच काम करत असेल तर ते चैन करतंय असं समजावं.

तिसरा उपाय संस्कृत नाटककार भासाने केला आहे. 'उरुभंग' ही त्याची एका अंकाची रचना. सुरुवातीला तीन सैनिक येऊन रणभूमीचं आणि भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धाचं वर्णन करतात. एवढं मोठं युद्ध, पण ते रंगमंचावर घडत नाही. नाटकाला हवं आहे ते त्यानंतरचं: मांड्या मोडलेला दुर्योधन फरफटत येतो, आंधळा बाप आणि डोळ्यांना पट्टी बांधलेली आई त्याला शोधताहेत. मग त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि सवयीप्रमाणे मांडीवर बसायला जातो. बापाला त्याला नको म्हणावं लागतं. महाभारतभर ज्याचा राग केला त्या माणसाविषयी इथे गलबलून येतं, आणि त्यासाठी भासाला एकही जास्तीचा प्रसंग लागला नाही. मुलाने बसायला जाणं, एवढंच.

एकांकिका हा प्रकार आपल्याकडे इंग्रजी वाचनातून आला, असं सरसकट सांगितलं जातं. आधुनिक मराठी एकांकिकेपुरतं ते बरोबर आहे. पण संस्कृतातल्या दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, भाण, व्यायोग, प्रहसन, वीथी आणि उत्सृष्टिकांक हे आटोपशीर प्रकार मुख्यतः एका अंकाचेच होते. 'उरुभंग'सारखी भासाची नाटकं मात्र शतकानुशतकं दृष्टिआड राहिली. टी. गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून ती त्रिवेंद्रमहून छापायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ती वाचकांपुढे आली.

जे रंगमंचावर नाहीत ते

एकांकिकेत पात्रं कमी असावीत असं सांगतात. कारण खर्चाचं नाही, निदान फक्त खर्चाचं नाही. प्रत्येक नव्या माणसाची ओळख पटायला प्रेक्षकाला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि पाऊण तासात आठ जणांची ओळख करून दिली की गोष्टीला उरतं काय?

म्हणून चांगली एकांकिका माणसं विंगेत ठेवते. 'ट्रायफल्स'मधली आरोपी कधी दिसत नाही, तरी तिच्याइतकं ओळखीचं दुसरं कोणी वाटत नाही. स्ट्रिंडबर्गच्याच 'द स्ट्राँगर' (१८८९) या छोट्या नाटकात कॅफेत दोन बायका आहेत. बोलते ती एकटीच, दुसरी सबंध वेळ गप्प. ज्या पुरुषावरून सगळं चाललं आहे तो येतच नाही. बोलणारीला बोलता बोलताच उमगत जातं की समोरची आपल्या संसारात किती खोल शिरलेली आहे. दिवाकरांच्या नाट्यछटा वाचलेल्या मराठी वाचकाला ही तऱ्हा परकी वाटू नये.

---

चौकट: जवळचे नातेवाईक

नाट्यछटा: एकच माणूस बोलतो, ऐकणारे गृहीत. पान-दीड पानाचा जीव. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) यांनी मराठीत आणली. त्यांच्यापुढे इंग्रज कवी ब्राउनिंगची नाट्यपर काव्यं होती.

भाण: हाही एकट्याचाच. नट अदृश्य माणसांशी बोलतो, 'काय म्हणतोस?' असं विचारून त्यांची उत्तरंही स्वतःच सांगतो.

प्रहसन, फार्स: हसवणं हे पहिलं काम. आपल्याकडे पौराणिक नाटक झाल्यावर फार्स होत असे. लंडनमध्ये उलट: बडे प्रेक्षक जेवून उशिरा येत, तोवर बाकीच्यांसाठी मुख्य नाटकाआधी छोटं नाटक.

दीर्घांक: मध्यंतर नाही, पण ऐवज एकांकिकेपेक्षा मोठा. तास-सव्वा तास किंवा अधिकही.

श्रुतिका: रेडिओसाठी. डोळ्यांचं काम कानांवर. मोडलेला पिंजरा इथे दाखवता येत नाही, त्याचं दार करकरावं लागतं.

---

एकांकिकेचं नाटक होतं तेव्हा

मराठीत एकांकिका वाढवून नाटक करण्याची जुनी वाट आहे. देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आधी एकांकिका होतं, मग ते व्यावसायिक रंगभूमीवर धो धो चाललं. महेश एलकुंचवारांची 'होळी' वेगळ्या वाटेने गेली. वसतिगृहातली पोरं, होळीची न मिळालेली सुट्टी, साचलेला उद्दामपणा आणि त्यात चिरडला गेलेला एकजण. केतन मेहतांनी १९८४ मध्ये त्यावर हिंदी चित्रपट केला.

पण वाढवणं म्हणजे नक्की काय, यासाठी नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांची 'देवबाभळी' पाहावी. स्पर्धांतून गाजलेली ही एकांकिका २०१७ च्या अखेरीस भद्रकाली प्रॉडक्शन्सने 'संगीत देवबाभळी' या नावाने दोन अंकी केली. मूळ कल्पना अशी: तुकारामांसाठी भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो, तो विठ्ठल काढतो, आणि तिची सेवा करायला खुद्द रखुमाई लखूबाई होऊन घरी येते. दोघींचेही नवरे घरात नाहीत, एकीचा विठ्ठलापायी आणि दुसरीचा भक्तांपायी.

सुरुवात किती उशिरा आहे बघा. आवलीचा संसार होऊन गेला आहे, विठ्ठलावरचा राग मुरून गेला आहे, रखुमाईचा रुसवा तर युगांचा. काटा रुतणं हे फक्त निमित्त. आणि नवरे विंगेतच. दोन अंकी करतानाही पात्रं दोनच राहिली. पाहुणा, शेजारीण, विनोदी गडी असं कोणी घुसवलं नाही. त्या दोघींना एकमेकींसमोर जास्त वेळ बसू दिलं आणि गाण्यांना जागा दिली. वाढ माणसांची नाही, मुक्कामाची. बऱ्याच चांगल्या एकांकिका वाढवताना पातळ होतात त्या उलट केल्यामुळे: गाठ सुटायच्या बेतात असते, आणि दुसरा अंक भरण्यासाठी लेखक तिला आणखी दोन वेढे देतो.

स्पर्धेने काय केलं

तेंडुलकर, पु. ल., रत्नाकर मतकरी, एलकुंचवार, सतीश आळेकर या सगळ्यांनी एकांकिका लिहिल्या. पण त्या छापून कपाटात राहिल्या असत्या. मराठी एकांकिकेला श्वास दिला तो स्पर्धांनी. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक सुरू केला. तेव्हापासून पुण्यातल्या कॉलेजांचा पावसाळा तालमींत जातो आणि भरत नाट्य मंदिरात 'अरे, आवाज कुणाचा' हा पुकारा घुमतो. मुंबईत आयएनटीची स्पर्धा, पुढे लोकसत्ताची 'लोकांकिका', गावोगावच्या करंडकांची तर गणतीच नको. वर्षभरात ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकांची चतुरंग या संस्थेची 'सवाई' स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपते. रात्रभर जागून पाठोपाठ एकांकिका बघणारा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे का, मला शंका आहे.

स्पर्धेने काही सवयीही लावल्या, आणि त्या सगळ्याच चांगल्या नाहीत. सर्वात खटकते ती ब्लॅकआउटची. दर चार मिनिटांनी अंधार, अंधारात पळापळ, स्पॉट पडतो तो 'दोन वर्षांनंतर'. म्हणजे जी फट एकांकिकेत नाही ती अंधार करून पाडायची. सहा-सात ब्लॅकआउट झालेली एकांकिका बहुतेक वेळा चित्रपटाची पटकथा असते. दुसरी सवय शेवटच्या धक्क्याची: तो मेलेलाच होता, ती त्याची बहीण होती, हे सगळं स्वप्न होतं. धक्क्याला हरकत नाही, पण तो कळल्यावर मागची चाळीस मिनिटं अधिक अर्थपूर्ण व्हायला हवीत. नुसतीच रद्द झाली तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. तिसरी, मुख्य पात्राने रंगमंचाच्या अगदी पुढे येऊन समाजाला चार शब्द सुनावण्याची. बहुतेक वेळा टाळ्या तिथेच पडतात, हे खरं दुखणं.

२०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही, असं ठरवून तो कोणालाच दिला नाही. वाद जोरात झाला. पोरांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं म्हणणारे एका बाजूला, स्पर्धेची पातळी राखायला असं करावंच लागतं म्हणणारे दुसऱ्या. मला परीक्षकांचा निर्णय कडक वाटला, पण त्यामागे उभा राहिलेला प्रश्न योग्य होता: परीक्षक गुण कशाला देतात? तुफान नेपथ्य, सराईत प्रकाशयोजना, वीस जणांची कवायत, की एका बैठकीत एक गाठ सोडवून दाखवणं?

ज्यांना हा प्रकार समजून घ्यायचा आहे त्यांनी अंतिम फेरीची वाट पाहू नये. काही स्पर्धांत प्राथमिक फेरीला नेपथ्य, प्रकाश, संगीत यांवर मर्यादा असतात. दोन खुर्च्या, एक टेबल, पांढरा झगझगीत उजेड. तिथे जाऊन पहिली पाच मिनिटं एवढंच बघावं की पात्रं एकमेकांना माहीत असलेलं सांगताहेत, की एकमेकांकडून काहीतरी मागताहेत. पाचापैकी एखादीच एकांकिका दुसऱ्या प्रकारची निघेल. ती सुटली की लेखकाला बाहेर गाठून विचारावं, पहिल्या खर्ड्यातली किती पानं सुरुवातीची फाडली.